बाळाला लाईटखाली ठेवलं होतं, आता त्वचेचं काय?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझी मुलगी आता साडेचार वर्षांची आहे. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी तिची कावीळ वाढली म्हणून तिला निळ्या लाईटखाली ठेवलं होतं, तेव्हा आम्ही काही विचारलं नाही, डॉक्टर म्हणाले ठेवायला लागेल आणि आम्ही ठेवलं. आता वर्षभरात तिच्या हातांवर, मानेवर बारीक बारीक तीळ दिसायला लागलेत, दहा-बारा तरी असतील. इंटरनेटवर वाचलं की त्या लाईटमुळे तीळ येतात आणि पुढे त्वचेचा कॅन्सरसुद्धा होऊ शकतो. तेव्हापासून रोज रात्री टॉर्च घेऊन तिचे तीळ बघत बसते. आणि आता मला परत दिवस गेलेत. या बाळाला कावीळ झाली तर लाईट नकोच म्हणून सांगू का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. नको म्हणून सांगू नका. गरज असेल तर लाईट द्यायलाच हवा, गरज नसेल तर देऊ नये, आणि गरज आहे की नाही हे कसं ठरतं ते तुम्ही डॉक्टरांना जरूर विचारा, तो तुमचा हक्कच आहे.

आता तिळांकडे येऊ. आधी तो लाईट नेमका काय आहे ते बघा, कारण निम्मी भीती तिथेच आहे. "लाईट" म्हटलं की लोकांना वाटतं अतिनील किरण, म्हणजे उन्हातले ते किरण ज्यांनी कातडी भाजते आणि ज्यांचा त्वचेच्या कॅन्सरशी संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. फोटोथेरपीचा, म्हणजे काविळीवरच्या या उपचाराचा, लाईट तो नाही. तो आपल्या डोळ्यांना दिसणारा निळा प्रकाश आहे, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा, आणि अतिनील सुरू होतात ४०० नॅनोमीटरच्या खाली. जुन्या ट्यूबवाल्या मशीनमधून किंचित अतिनील निघायचे पण ते पुढच्या प्लॅस्टिकच्या झाकणात अडकायचे, आणि आता बहुतेक ठिकाणी एलईडी आहेत त्यात तर ते जवळपास नसतातच.

हा निळा प्रकाश करतो काय, तर बिलीरुबिन नावाचा जो पिवळा पदार्थ बाळाच्या अंगात साठलेला असतो त्याच्या रेणूचा आकार बदलतो. जुन्या लाल पेशी तुटल्या की बिलीरुबिन तयार होतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही, लिव्हरने त्याच्यावर प्रक्रिया केली तरच ते पित्तातून बाहेर पडतं. नवजात बाळाच्या लाल पेशी मोठ्यांपेक्षा लवकर तुटतात आणि लिव्हर मात्र अजून कामाला लागलेलं नसतं, त्यामुळे दिवस भरून जन्मलेल्या बाळांपैकी सुद्धा साधारण ६० टक्के बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात, अपुऱ्या दिवसांची तर ८० टक्क्यांच्या आसपास. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये बिलीरुबिनवर निळा प्रकाश पडला की त्या रेणूचं रूप बदलतं, ते पाण्यात विरघळायला लागतं आणि लिव्हरच्या प्रक्रियेची वाट न बघता पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. म्हणजे या उपचारात त्वचा ही खिडकी आहे, आणि म्हणूनच त्वचेचं पुढे काय होतं हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, तो विचारला म्हणून कुणी तुम्हाला वेड्यात काढू नये.

मग निळा प्रकाश अगदी निरुपद्रवी आहे का? असं मी म्हणणार नाही. लाईटखाली असलेल्या बाळांच्या रक्तातल्या पेशी तपासल्यावर काही अभ्यासांत डीएनएवर ताण पडल्याच्या खुणा सापडल्या आहेत. आपलं शरीर अशी इजा रोजच दुरुस्त करत असतं, त्यामुळे खुणा सापडल्या म्हणजे आजार होणार असं नाही, पण म्हणूनच संशोधकांनी पुढे जाऊन मुलांचे तीळ मोजले. २००६ साली फ्रान्समधून एक अभ्यास आला, त्यात ८-९ वर्षांची मुलं होती आणि लाईट मिळालेल्यांच्या अंगावर तीळ जास्त निघाले. तुम्ही जे वाचलंत ते बहुतेक इथूनच आलेलं आहे. पण त्या अभ्यासात सगळी मिळून साठच्या आतच मुलं होती आणि त्यातली लाईट घेतलेली तर वीसपेक्षा कमी. पुढे फ्रान्समध्येच आठशेहून जास्त ९ वर्षांच्या मुलांचे तीळ मोजले तेव्हा लाईट मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हंगेरीत जुळ्यांवर अभ्यास झाला, एकाला लाईट मिळालेला आणि दुसऱ्याला नाही अशा जोड्या, त्यात परत लाईटवाल्यांमध्ये तीळ जास्त दिसले. म्हणजे तिळांच्या बाबतीत उत्तर अजून दोन्हीकडे झुकतं, आणि जास्त असले तरी ते थोडे, हे मी तुम्हाला सरळ सांगते.

कॅन्सरचं मात्र वेगळं आहे आणि ते वेगळंच ठेवायला हवं. त्वचेच्या मेलानोमा नावाच्या कॅन्सरसाठी स्वीडनमध्ये जुन्या नोंदी काढून बघितलं गेलं, त्यात लहानपणी लाईट मिळाल्याने धोका वाढल्याचं दिसलं नाही. २०१६ साली कॅलिफोर्नियातून दोन मोठे अभ्यास एकाच वेळी आले, त्यांची पण खूप चर्चा झाली. एकात लाखो बाळांच्या नोंदी होत्या आणि पहिल्या वर्षातल्या काही कॅन्सरशी फोटोथेरपीचा किंचित संबंध दिसला. दुसऱ्यात पाच लाखांच्या आसपास मुलं होती, तिथेही सुरुवातीला आकडा जरा वर दिसला पण लाईट ज्या बाळांना लागतो ती मुळातच वेगळी असतात, कुणी अपुऱ्या दिवसांचं, कुणाला जन्मतःच दुसरा काही आजार, हे सगळं हिशेबात घेतल्यावर तो संबंध ठामपणे म्हणण्याइतका उरला नाही. आणि हे सगळं मुख्यतः रक्ताच्या वगैरे कॅन्सरबद्दल होतं, त्वचेच्या नव्हे. यातून डॉक्टरांनी घेण्यासारखी गोष्ट एकच, की लाईट हे औषध आहे, औषधासारखाच त्याला डोस आहे, तेव्हा "असू दे अजून एक दिवस" म्हणून उगाच ठेवू नये.

तुमच्या मुलीचं सांगायचं तर साडेचार वर्षांच्या मुलीच्या अंगावर दहा-बारा बारीक तीळ असणं यात वेगळं काही नाही. जन्मताना बहुतेक बाळांच्या अंगावर तीळ नसतात, ते याच वयात यायला लागतात, वयात येईपर्यंत वाढत जातात आणि तिशीच्या आसपास सगळ्यात जास्त असतात. कुणाला किती येणार हे आईवडिलांकडून येतं, त्वचेच्या रंगावर असतं आणि लहानपणी ऊन किती लागलं त्यावर असतं. तुम्ही लिहिलंय हातांवर आणि मानेवर. या उघड्या राहणाऱ्या जागा आहेत ना? लाईटमध्ये तर बाळ जवळपास उघडंच असतं, पोट पाठ सगळीकडे प्रकाश पडतो. यावरून काही सिद्ध होत नाही पण तुमच्या मनाला थोडा आधार म्हणून सांगितलं.

रोज रात्री टॉर्च घेऊन बघू नका, तुम्हालाही त्रास आणि मुलीच्याही मनात भीती बसेल. तीन-चार महिन्यांनी एकदा आंघोळीच्या वेळी नजर टाका. एखादा तीळ बाकीच्यांपेक्षा वेगळाच दिसतोय, भराभर वाढतोय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, एकाच तिळात दोन-तीन रंग आलेत, रक्त येतंय किंवा लहान मुलांत गुलाबी लालसर गाठ उठून वाढत चाललीय, असं काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि उन्हाची काळजी घ्या, टोपी, अंगभर सुती कपडे, भर दुपारचं खेळणं सावलीत. लाईटचं जे झालं ते झालं, ऊन अजून तुमच्या हातात आहे.

आता येणाऱ्या बाळाबद्दल. पहिल्या मुलाला लाईट लागला असेल तर दुसऱ्याला लागण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा ही गोष्ट बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, तुमचा रक्तगट आणि बाळाच्या वडिलांचा रक्तगट पण. कावीळ पहिल्या २४ तासांतच दिसली तर ती कधीच साधी समजायची नाही. बिलीरुबिनचा आकडा आला की डॉक्टर तो बाळाचं वय तासांमध्ये, किती आठवड्यांचं जन्मलंय आणि धोक्याची इतर कारणं आहेत का हे बघून तक्त्यावर ताडून पाहतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी जो आकडा काळजीचा तोच पाचव्या दिवशी चालून जाऊ शकतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये आपले तक्ते सुधारले आणि लाईट सुरू करायच्या रेषा आधीपेक्षा थोड्या वर नेल्या, म्हणजे उगाच लाईट देणं कमी व्हावं हा विचार तिथेही झालेला आहे. तुम्ही फक्त विचारा, आकडा किती आहे, या वयाला रेषा कुठे आहे, आणि बंद कधी करणार. चांगले डॉक्टर याचं उत्तर आनंदाने देतात.

पण रेषा ओलांडली असेल तर एक तासही घालवू नका. बिलीरुबिन फार वाढलं, रिपोर्टवरचा आकडा (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला) पंचवीस-तीसच्या पुढे गेला, की ते मेंदूत शिरून जी इजा करू शकतं ती परत भरून येत नाही. ऐकू न येणं, हातापायांवर ताबा नसणं, हे आयुष्यभराचं आहे. चार तीळ जास्त येतील का या शंकेसमोर हे ठेवून बघा.

प्रश्न: डॉक्टर, आमचं बाळ आजच लाईटमधून बाहेर काढलंय. आधी गोरं होतं, आता अंग काळपट दिसतंय, छातीवर लाल पुरळ पण आहे, आणि डोळ्यांवर पट्टी होती तेवढाच भाग उजळ राहिलाय. घरातले सगळे मलाच बोलतायत की लाईटने पोराचा रंग गेला. हा रंग असाच राहणार का?

उत्तर: दादा, आधी अभिनंदन, बाळ बाहेर आलं म्हणजे आकडा उतरला. नाही, रंग असा राहत नाही. काही बाळांची, विशेषतः सावळ्या त्वचेच्या बाळांची, कातडी लाईटखाली थोडी गडद होते आणि पुढे आपोआप पहिल्यासारखी होते. त्यासाठी काही लावायचं नाही, घासायचं तर अजिबात नाही. पुरळ पण बहुतेक एक-दोन दिवसांत जातं. लाईट चालू असताना शी पातळ आणि हिरवट होते तेही तात्पुरतंच.

फक्त दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अंग राखाडी तपकिरी, ब्राँझसारखं झालं असेल आणि लघवीही गडद होत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. ज्या बाळांच्या पित्ताचा प्रवाह नीट नसतो त्यांना लाईट दिला की असं होऊ शकतं, तो रंगसुद्धा काही आठवड्यांत जातो पण पित्ताचं कारण शोधायला लागतं. आणि पुरळाऐवजी फोड आले तर तेही लगेच दाखवायचं, पोर्फिरिया नावाचा एक फार दुर्मिळ जन्मजात आजार आहे ज्यात प्रकाश सोसतच नाही, अशा बाळाला लाईट देत नाहीत. भाजण्याच्या घटना क्वचित होतात, त्या बहुधा जुने गरम होणारे दिवे फार जवळ आणल्याने, म्हणून मशीन किती अंतरावर ठेवायचं ते ठरलेलं असतं आणि घरच्यांनी ते हलवू नये. लाईट चालू असताना अंगाला तेल, लोशन पण लावू नये.

डोळ्यांवर पट्टी का असते हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं, ती नाजूक पडद्याला तीव्र प्रकाशाने इजा होऊ नये म्हणून. पट्टीखालचा भाग वेगळा दिसतोय हे तुम्ही बरोबर टिपलंत. तिथे प्रकाश पडत नाही म्हणून तिथला रंग बदलत नाही. यातलीच एक महत्त्वाची गोष्ट अशी की उघड्या त्वचेवरचा पिवळेपणा लाईटने आधी जातो पण रक्तातला आकडा तेवढा उतरलेला नसतो, तेव्हा बाळ गोरं दिसतंय म्हणून तपासणी टाळू नका. काही बाळांत लाईट बंद केल्यावर आकडा परत थोडा वर येतो, डॉक्टरांनी ज्या दिवशी बोलावलंय त्या दिवशी नक्की जा. आणि घरातल्यांना सांगा की रंगाची चर्चा पुरे, बाळ दिवसातून आठ-बारा वेळा पितंय का, लघवी नीट होतेय का हे बघा, कारण पोट साफ होत राहिलं की बिलीरुबिनही बाहेर जात राहतं.

प्रश्न: मी आजी आहे. आमच्या वेळी पिवळ्या बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवायचो आणि बाळं बरी व्हायची. आता सुनेला सांगितलं तर ती म्हणते ऊन नको. मशीनचा लाईट चालतो आणि देवाचं ऊन चालत नाही, हे मला समजत नाही.

उत्तर: आजी, तुमचं निरीक्षण चुकीचं नाही, उलट या उपचाराची सुरुवातच उन्हातून झाली. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलमध्ये सिस्टर जीन वॉर्ड नावाच्या बाई होत्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड त्यांच्याकडे होता आणि त्या बाळांना अंगणात उन्हात घेऊन जायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं, सगळं अंग फिकट झालेलं पण पोटावर एक तिकोनी तुकडा तसाच पिवळाजर्द, कारण चादरीचं टोक तिथे होतं. नंतर उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीत बिलीरुबिन कमी भरलं, आणि डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये त्यावर लेख छापला. एका नर्सने नीट डोळे उघडे ठेवून बघितलं म्हणून आज जगभर लाखो बाळांचा मेंदू वाचतो, मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मग ऊन का नको? कारण उन्हात निळ्या प्रकाशाबरोबर अतिनील किरण पण येतात, आणि आपण वर सगळी चर्चा ज्या त्वचेच्या नुकसानाची केली ते करणारे खरे किरण तेच. नवजात बाळाची कातडी पातळ असते, भाजते पटकन, उघडं ठेवलं तर बाळ गार पडतं आणि जास्त वेळ ठेवलं तर तापतं. शिवाय किती डोस मिळाला ते कळत नाही, ढग आले की संपलं, आणि रात्री तर ऊन नसतंच. कावीळ खरंच वाढत असेल तर अर्धा तास उन्हाने ती थांबत नाही, आणि साधी असेल तर नीट दूध पाजलं की उन्हाशिवायही उतरते. नायजेरियात उन्हातले अतिनील किरण अडवणाऱ्या पातळ पडद्यांखाली बाळं ठेवून अभ्यास झाला, २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि ते चांगले होते, पण तिथे तापमान बघायला, आकडा मोजायला माणसं सतत हजर होती. खिडकीच्या काचेमागे ठेवणं म्हणजे ते नव्हे, काच सगळे अतिनील किरण अडवत नाही.

सुनेचं बरोबर आहे. तुम्ही तिला वेळेवर बाळ अंगावर पाजायला मदत करा, मध्ये साधं किंवा साखरेचं पाणी देऊ नका. आणि तुमची जुनी नजर एका गोष्टीसाठी वापरा: कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली आणि बाळाची शी पांढरट, मातकट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा. पित्ताची नळी बंद असण्याचा एक आजार असतो, त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर त्याचा उपयोग जास्त होतो. तिथे ऊनही नाही चालत आणि लाईटही नाही.

प्रश्न: माझं वय २६. जन्मल्यावर मला आठवडाभर लाईटखाली ठेवलं होतं असं आई सांगते. मला ऊन लगेच लागतं, चेहऱ्यावर डाग पडतात. हे त्यामुळेच का?

उत्तर: नाही. त्या लाईटने त्वचा कायमची नाजूक होते, डाग पडतात किंवा कोड येतं असं कुठे दिसलेलं नाही. क्रिगलर-नज्जार नावाच्या दुर्मिळ आजाराची मुलं तर वर्षानुवर्षं रोज कित्येक तास अशाच लाईटखाली झोपतात, लिव्हर बदलेपर्यंत, त्यामुळे एका आठवड्याकडे एवढं बोट दाखवू नका. तुमच्या डागांची कारणं आत्ताच्या आयुष्यात शोधायला हवीत, ऊन, हार्मोन, एखादं चालू असलेलं औषध, चेहऱ्याला लावत असलेलं क्रीम. काही औषधांनी ऊन जास्त लागतं, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना जे काही घेताय आणि लावताय ते सगळं सोबत न्या.